महिन्यातून एकच नाटक: दिवाणखान्यातलं की सतरंजीवरचं?

ऐरोलीला नव्याने राहायला आलेल्या माझ्या एका सहकाऱ्याने मागच्या महिन्यात विचारलं, "दादा, मुलीला आजीकडे ठेवून आम्हा दोघांना महिन्यातून एकच रविवार मोकळा मिळतो. नाटक बघायचं तर ठाण्याच्या गडकरी रंगायतनला जावं, की तुम्ही जाता तसल्या छोट्या हॉलमधल्या प्रायोगिकला?" चहा संपेपर्यंत मी काहीतरी बोललो, पण ते उत्तर अर्धवट होतं. हाच प्रश्न मी स्वतः काही वर्षं घोळवला आहे आणि माझ्यापुरता सोडवलाही आहे, म्हणून आता सविस्तर लिहितो.

व्यावसायिक म्हणजे मोठ्या नाट्यगृहातलं, तिकीटविक्रीवर चालणारं नाटक; प्रायोगिक म्हणजे छोट्या जागेतलं, मांडणीचे नवे प्रयोग करणारं. एवढं पुरे. पैशांचंही पटकन उरकतो. मोठ्या नाट्यगृहात पुढच्या रांगांत बसायचं तर दोघांचे हजारेक रुपये धरा. छोट्या प्रयोगाला मी माणशी २००-२५० च्या वर क्वचितच दिलेत, आणि काही ठिकाणी तर दाराशी नुसती देणगीची पेटी असते. एकीकडे मध्यंतरासह अडीच तास, दुसरीकडे तास-सव्वा तास आणि मध्यंतर नाही. पण यातल्या कशावरूनही निवड करू नका. वाचलेले पाचशे रुपये रिक्षात जातात आणि वाचलेला तास परतीच्या गाडीत.

आधी मोठ्या नाटकाबद्दल, कारण मी त्यातच वाढलो. माझं घर घणसोली गावठाणात. गडकरी रंगायतनला जायचं म्हणजे आई दुपारी तीनपासून तयार. ठेवणीतली साडी, केसांत अबोलीचा वळेसर. ठाणे स्टेशनवर उतरून चालत तलावपाळीला यायचं, मासुंदा तलावाच्या कठड्याशी पाच मिनिटं थांबायचं, मग आत. तिसरी घंटा झाली की सगळा कलकलाट आपोआप बसतो. तो क्षण मला आजही दुसरीकडे कुठे मिळत नाही. आणि नटांची ताकद! एका नाटकात एक ज्येष्ठ नट मुलाचं पत्र वाचून झाल्यावर नुसता चष्मा पुसत उभा राहिला. संवाद नाही, संगीत नाही. शेवटच्या रांगेपर्यंत कुणी खोकलं नाही. वर्षानुवर्षं महिन्याला वीस-वीस प्रयोग केल्याशिवाय असा हात बसत नाही. छोट्या हॉलमध्ये दहा-बारा प्रयोगांत आटोपणाऱ्या नाटकातल्या पोरांना ते जमायला वावच मिळत नाही.

गोष्टीचंही तसंच. पहिल्या अंकात गाठ मारायची, मध्यंतराला ती घट्ट करायची, दुसऱ्या अंकात सोडवायची, ही रीत उगाच टिकलेली नाही. आठवडाभर लोकलमध्ये लोंबकळलेल्या माणसाला एक संध्याकाळ सगळं मार्गी लागलेलं बघायचं असतं. त्यात कमीपणा काहीच नाही. मलाही ते हवंसं वाटतं.

तरीही मी तिथून हळूहळू बाजूला झालो, आणि त्याला कारण झाली एक मोलकरीण.

नाटकाचं नाव सांगत नाही. सांगून उपयोगही नाही, कारण ती बाई मला पुढे निरनिराळ्या नाटकांत भेटत राहिली. पडदा उघडतो. दिवाणखाना, मध्यभागी सोफा, डावीकडे वर जाणारा जिना, उजवीकडे स्वयंपाकघराचं दार. पदर खोचलेली कामवाली फडक्याने टीपॉय पुसते आहे. फोन वाजतो. ती उचलते आणि सांगते की साहेब ऑफिसला गेलेत, बाईसाहेब महिला मंडळात, दादा उद्या अमेरिकेहून येणार, आणि ताईच्या लग्नावरून घरात कुरबूर चालू आहे. तीन मिनिटांत अख्खं कुटुंब आपल्याला कळतं. मग ती म्हणते, "साहेबांची गारी आली वाटतं." गाडी नाही, गारी. थिएटरभर हशा. पुढच्या वाक्यात 'डोला', तिसऱ्यात 'सारी'. प्रत्येकाला हशा.

माझी आई शेजारी बसली होती. आम्ही आगरी. आमच्या घरात गाडीला गारीच म्हणतात आणि डोळ्याला डोलाच. नवी मुंबईसाठी जमीन गेल्यानंतर आईने वाशीच्या सेक्टरांत अकरा वर्षं धुणीभांडी केली आहेत. पहिल्या हशाला तीही सगळ्यांबरोबर हसली. दुसऱ्याला तिने माझ्याकडे बघितलं. तिसऱ्याला ती मांडीवरचा पदर सारखा करत राहिली. मध्यंतरात मी वडा आणला तो तिने पर्समधल्या पिशवीत बांधून ठेवला. दुसऱ्या अंकात घरातल्या वडिलांना झटका येतो, सगळे सुन्न होतात, आणि तो ताण उतरवायला तीच बाई चहाचा ट्रे घेऊन पुन्हा येते. पुन्हा एक 'गारी', पुन्हा हशा.

परतीच्या गाडीत रबाळे गेल्यावर आई म्हणाली, "बाला, ती गारी म्हनली, त्यान हसाचा काय व्हता?"

मला उत्तर देता आलं नाही. बरेच दिवस मी समजत होतो की दोष त्या एका लेखकाचा आहे. मग तशाच दहा-बारा नाटकांत तीच बाई बघितल्यावर लक्षात आलं की तिच्याशिवाय ते नाटक उभंच राहत नाही. सुरुवातीला घरची माहिती कुणीतरी द्यायला हवी, म्हणून ती. गंभीर प्रसंगानंतर प्रेक्षकाला मोकळं करायला हवं, म्हणून ती. तिचा नवरा दारू पितो एवढंच तिचं चरित्र, आणि तेही हशासाठी. ती संध्याकाळी काम आटोपून कुठल्या घरी जाते, ते घर रंगमंचावर कधी दिसत नाही, कारण नेपथ्य एकच, आणि ते मालकाच्या दिवाणखान्याचं. कुणाचं दुःख म्हणजे गोष्ट आणि कुणाचं म्हणजे विनोद, हे नेपथ्य लागतानाच ठरून जातं. चांगल्या मनाचा लेखकही त्या चौकटीत शिरला की तेच करून बसतो. मला खुपलं ते हे. इतरांना याचा त्रास होत नसेल, आणि त्यांच्यासाठी माझं पुढचं म्हणणं कदाचित लागू पडणार नाही.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. हा दिवाणखाना एकेकाळी स्वतःच बंडखोर होता. १९३३ साली 'नाट्यमन्वंतर' या संस्थेने 'आंधळ्यांची शाळा' रंगभूमीवर आणलं तेव्हा रंगवलेल्या पडद्यांऐवजी खऱ्या खोलीसारखं नेपथ्य आणि स्त्रियांच्या भूमिकांत स्त्रिया, हीच मोठी उलथापालथ होती. त्याआधी साडी नेसून पुरुष उभे राहत. म्हणजे बाईने बाईची भूमिका करावी, घर घरासारखं दिसावं, हे एका पिढीचं धाडस होतं. पुढे ते इतकं रुळलं की त्यालाच नाटक म्हणू लागले. आणि प्रेक्षक नाहीतच असं समजून वावरणारं ते चौथ्या भिंतीचं नाटक आपल्या मातीतलं नव्हतंच. १८४३ साली सांगलीला विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं त्यात सूत्रधार होता. तमाशात गण-गवळणीनंतरची बतावणी, म्हणजे विनोदी संवादांचा भाग, थेट समोरच्या माणसाशी बोलते. दशावतारात लिहिलेली संहिताच नसते, नट उभ्या उभ्या संवाद रचतात. त्यामुळे प्रायोगिक नाटकवाल्यांनी 'गोष्ट मोडली' असं कुणी म्हणालं की मला वाटतं, आपल्याकडची गोष्ट आधीपासून बरीच मोकळीढाकळी होती. मधली काही दशकं ती सोफ्यावर बसली, इतकंच.

तिला सोफ्यावरून उठवण्याचं काम आपल्या भागात प्रामुख्याने दादरला झालं. १९६० मध्ये विजया मेहता, विजय तेंडुलकर यांच्या पिढीने 'रंगायन' ही नाट्यसंस्था काढली. १९७१ मध्ये अरविंद आणि सुलभा देशपांडे, अरुण काकडे यांचं 'आविष्कार' आलं, आणि १९७४ पासून छबिलदास शाळेच्या हॉलमध्ये प्रयोग सुरू झाले. शाळेचा हॉल, म्हणजे विंगा नाहीत, मखमली पडदा नाही, आणि पहिल्या रांगेतल्या माणसाच्या गुडघ्याशी नट. जागा बदलली की सांगण्याची रीत बदलते, हे तिथे सिद्ध झालं.

त्या काळातली तीन नाटकं मी नेहमी उदाहरणाला घेतो. 'शांतता! कोर्ट चालू आहे' (१९६७) मध्ये एक हौशी नाटकमंडळी वेळ घालवायला खोटा खटला खेळते. कोर्टाचं नाटक आपल्याला ओळखीचं असतं, म्हणून आपणही मजा घ्यायला बसतो, आणि त्याच मजेतून त्यांच्यातल्याच बेणारेबाईची शिकार होते. शेवटी लक्षात येतं की हसण्यात आपणही सामील होतो. 'घाशीराम कोतवाल' (१९७२) मध्ये बारा ब्राह्मणांची रांग गात-नाचत असते. ती कधी पडदा होते, कधी भिंत, कधी गर्दी. मागे जे चाललंय ते झाकायचं कामही माणसंच करतात, हे नेपथ्याच्या जागी माणसं उभी केल्याशिवाय दाखवता आलं नसतं. आणि सतीश आळेकरांचं 'महानिर्वाण' (१९७४): मेलेला भाऊराव स्वतःच्या मरणाचं कीर्तन करतो, आणि जुन्या स्मशानातच जाळा म्हणून अडून बसतो. मरण आधी आणि गोष्ट नंतर. माहिती देण्यासाठी कुणाला टीपॉय पुसायची गरजच पडत नाही.

बाहेरच्यांनीही हेच निरनिराळ्या वाटांनी केलं. जर्मन नाटककार ब्रेश्टचा आग्रह होता की प्रेक्षकाने पात्रात विरघळून न जाता थोडं अंतर राखून विचार करावा. आपल्याकडे त्याची दोन नाटकं अस्सल मराठी होऊन आली: चिं. त्र्यं. खानोलकरांचं 'अजब न्याय वर्तुळाचा' आणि पु. लं.चं 'तीन पैशाचा तमाशा'. कोलकात्याचे नाटककार बादल सरकार यांनी तर रंगमंचच सोडला. उजेडात नट आणि अंधारात प्रेक्षक ही वाटणीच त्यांना नको होती, म्हणून त्यांनी खोलीत आणि उघड्यावर, माणसांच्या मधोमध नाटकं केली.

हे सगळं वाचून कुणी म्हणेल, ठीक आहे, पण माझ्या रविवारचं काय? तिकडेच येतोय.

कोपरखैरण्याच्या एका शाळेच्या हॉलमध्ये काही वर्षांपूर्वी मी आईला घेऊन गेलो. मंडळी नवखी होती, नाटक पन्नास-साठ माणसांसमोर झालं, आणि माझ्या माहितीप्रमाणे त्याचे पाच-सहाच प्रयोग झाले. दोन मुलं, दोन मुली, साधे कपडे, हातात खडू. सुरुवातीला त्यांनी जमिनीवर खडूने आकार काढले. हे भातखाचर, हा बांध, हे मिठागर, ही खाडी. प्रत्येक शेताचं नाव घेत गेले. मग एक मुलगा उठला आणि पट्टी धरून त्यावरूनच सरळ रेघा मारू लागला. चौकोन, चौकोनात आकडा. सेक्टर. कुणी काही स्पष्टीकरण दिलं नाही. नवी मुंबई वसवणारी सिडको १९७० मध्ये स्थापन झाली, पंच्याण्णव गावांची जमीन गेली, १९८४ च्या जानेवारीत उरण तालुक्यात पाच जण गोळीबारात हुतात्मा झाले, गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना त्या लढ्यातून आली, हे सगळं आम्हाला पाठ आहे. नाटकाने ते सांगितलं नाही. नाटकात फक्त एक संध्याकाळ होती, घरात नोटीस आली त्या दिवसाची.

ती संध्याकाळ चौघांनी चार वेळा सांगितली. चौघांनी आळीपाळीने त्या घरातली आई केली. पाठ वाकवली नाही, आवाज थरथरवला नाही, नुसता खांद्यावरून पदर घेतल्यासारखा हात नेला की ती आई. पहिली म्हणाली, ऊन होतं. दुसरा म्हणाला, पाऊस होता. तिसरीला आठवत नव्हतं. कोण खरं, ते नाटकाने ठरवलं नाही. आणि चौघंही 'गारी' म्हणत होते, 'पानी' म्हणत होते, कारण त्या घरात तसंच बोलतात. कुणी हसलं नाही. हसण्यासारखं काही आहे असं कुणाच्या मनातही आलं नाही.

चौथी मुलगी सांगायला उभी राहिली तेव्हा आई एकदम मोठ्याने म्हणाली, "पाऊस व्हता."

मला घाम फुटला. गडकरीत असं कुणी बोललं असतं तर चार रांगांतून 'शुक' आलं असतं. ती मुलगी थांबली, वळली, आईकडे बघून मान हलवली आणि तिथूनच सुरुवात केली: "पाऊस व्हता." पुढचं सगळं तिने आईच्या दिशेने सांगितलं. ते ठरलेलं होतं की तिला सुचलं, मी विचारलं नाही. एवढं नक्की की त्या दिवशी आई नाटक बघून आली नाही, साक्ष देऊन आली. घरी आल्यावर जेवताना तिने त्या नोटिशीच्या दिवसाबद्दल अर्धा तास सांगितलं. यापूर्वी ती त्यावर कधीच बोलली नव्हती.

आता दुसरी बाजू, कारण मी एकतर्फी लिहितोय असं व्हायला नको.

प्रायोगिकमध्ये फसण्याचं प्रमाण जास्त आहे. माझा ढोबळ अनुभव असा की पाचातले दोन प्रयोग डोक्यात राहतात, एक बरा असतो आणि दोनांतून मी रिकाम्या हाताने परततो. एकात चाळीस मिनिटं दोन माणसं अतिशय सावकाश चालत होती. त्यात काय होतं ते मला आजही उमगलेलं नाही. आवाजाची तालीम कच्ची असते, नट पाठमोरा बोलतो, पंख्याच्या घरघरीत अर्धी वाक्यं जातात. साडेसातचा प्रयोग आठला सुरू होतो. सतरंजीवर सव्वा तास बसायचं म्हणजे आईच्या गुडघ्यांना शिक्षा. त्या कोपरखैरण्याच्या प्रयोगानंतर तिला उठवायला मला आणि शेजारच्या मुलाला हात द्यावा लागला होता. आणि शेवटी चर्चा असते, तिच्यात काही मंडळी असं काही बोलतात की ज्याला नाटक कळलं होतं त्यालाही शंका यावी.

याहून मोठा दोष वेगळा आहे, आणि तो मोलकरणीच्या प्रश्नाशीच येऊन भिडतो. गोष्ट मोडली, सोफा काढला, काळे कुडते घातले म्हणून कुणाचं चित्रण आपोआप न्याय्य होत नाही. ठाण्यातच एका प्रयोगात शहरातल्या मुलांनी आदिवासी पाडा उभा केला होता. सगळे एका सुरात कण्हत होते, हात वर करून माती मागत होते. येऊरच्या पाड्यावरच्या माणसाला मी असं कधी कण्हताना बघितलेलं नाही. दिवाणखान्यातली बाई हसवायला होती, ही माणसं रडवायला होती. घर दोघांनाही नव्हतं.

ब्राझीलचा रंगकर्मी ऑगुस्तो बोआल स्वतःची एक आठवण सांगत असे. त्याची मंडळी गरीब शेतकऱ्यांपुढे नाटक करत होती, आणि शेवटी जमिनीसाठी रक्त सांडू असं गात बंदुका उंचावत होती. प्रयोगानंतर एक शेतकरी भारावून पुढे आला आणि म्हणाला, चला, जेवू आणि मग तुमच्या बंदुका घेऊन आमच्याबरोबर जमीनदाराच्या माणसांशी लढायला या. मंडळींना सांगावं लागलं की बंदुका खोट्या आहेत, नाटकातल्या. बंदुका खोट्या असल्या तरी तुम्ही खरे आहात ना, मग तुम्ही या, आमच्याकडे बंदुका आहेत, असं तो म्हणाला. तेही त्यांना करता येणार नव्हतं. आपण जी जोखीम घेणार नाही ती दुसऱ्याला घ्यायला सांगू नये, हे बोआल तिथे शिकला, आणि पुढे प्रेक्षकालाच उठवून नाटकात आणण्याची पद्धत त्याने घडवली. नाटक थांबवायचं, आणि ज्याचा प्रश्न आहे त्याने येऊन ते पुढे न्यायचं. आईचं "पाऊस व्हता" मला आठवतं ते या संदर्भात.

म्हणून प्रायोगिक निवडताना मी आता एकच बघतो: जगणं कुणाचं, आणि सांगतंय कोण. 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला' (२०१२) मध्ये जालना जिल्ह्यातली शेतकरी पोरं होती. त्यांच्या बोलीला थिएटर दणाणून हसत होतं, आणि तरी मला एकदाही त्रास झाला नाही, कारण विनोद त्यांच्या हातात होता. कधी, कुणावर आणि किती हसायचं हे तेच ठरवत होते. ते नाटक मोठ्या नाट्यगृहांतही चाललं. म्हणजे बोली आणि मोठा रंगमंच यांचं वैर नाही. आपल्या ठाण्यात रत्नाकर मतकरींनी समता विचार प्रसारक संस्थेबरोबर 'वंचितांचा रंगमंच' सुरू केला, त्यात वस्तीतली मुलं स्वतःच्याच जगण्यातले विषय घेऊन उभी राहतात. तिथल्या प्रयोगात सफाई कमी असेल. पण पाण्याच्या रांगेतलं भांडण ती मुलं करतात तेव्हा हंडा कुठल्या कमरेवर घ्यायचा हे त्यांना कुणी शिकवलेलं नसतं.

आता सोयीचं. ठाणे-नवी मुंबईकराला मोठं नाटक फार सोपं आहे. स्टेशनपासून चालत गडकरी, हिरानंदानी मेडोजला डॉ. काशिनाथ घाणेकर, वाशीला विष्णुदास भावे. जाहिरात बघायची, मोबाईलवर सीट काढायची. छोट्या नाटकाचं तसं नाही. घाणेकरच्या मिनी थिएटरवर लक्ष ठेवा. राज्य नाट्य स्पर्धेच्या प्राथमिक फेरीत ठाणे केंद्रावरची नाटकं बघा, तिकीट अगदी नाममात्र असतं आणि त्यातून एखाद्या संध्याकाळी फार वेगळं काहीतरी सापडतं. एकांकिका स्पर्धाही सोडू नका. पण खरं सांगायचं तर चांगल्या प्रायोगिकसाठी अनेकदा माटुंगा, प्रभादेवी, अंधेरी गाठावं लागतं, आणि शेवटच्या चर्चेला थांबलात तर परतीची गाडी डोळ्यांसमोरून जाते. लहान मूल घरी ठेवून येणाऱ्याने याचा विचार करावा. आठवडा वाईट गेला असेल, सासू-सासरे बरोबर असतील, किंवा वर्षातून दोनच नाटकं होणार असतील, तर मी आग्रह धरणार नाही. गडकरीला जा, मनापासून हसा आणि मध्यंतरातला बटाटावडा चुकवू नका.

मात्र पहिल्या दहा मिनिटांत शेवट कळू लागला असेल, कोण कुणाला माफ करणार हे मध्यंतरातच दिसत असेल, आणि घरी आल्यावर नाटकाबद्दल बोलायला काही उरत नसेल, तर तुमचा रविवार छोट्या हॉलला द्या. सलग तीन महिने द्या, एकावर थांबू नका, कारण पहिलंच फसण्याची शक्यता बरीच आहे. अगदी अमूर्त काहीतरी आधी घेऊ नका. ज्यात ओळखीची माणसं आणि अनोळखी मांडणी आहे, असं काहीतरी घ्या. दोघांनी जा, चौघांनी नको. परतीच्या गाडीत जे बोलणं होतं ते दोघांतच चांगलं होतं. आणि लक्ष द्या, नाटकात सगळ्यात कमी बोलणाऱ्या माणसाला स्वतःचं घर आहे का.

माझा कल कुठे आहे ते एव्हाना कळलंच असेल. वर्षातून दोनदा मी अजूनही गडकरीला जातो, आणि तिसऱ्या घंटेला अंगावर तसाच काटा येतो. बाकीचे रविवार दुसरीकडे.

येत्या रविवारीही तुर्भ्याला एक छोटा प्रयोग आहे, आणि आईला यायचं आहे. काल मी त्या मुलांना फोन करून एवढंच सांगितलं, की भिंतीशी का होईना, एक खुर्ची ठेवा. पलीकडची मुलगी म्हणाली, "काका, भिंतीशी कशाला? पुढेच ठेवतो."